लाल बावटा कलापथक : शाहिरी की पक्षाचा भोंगा?

चिकित्सक (धागाकर्ता)

१ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची जयंती आली की 'लाल बावटा कलापथकाने मराठी लोककला जिवंत ठेवली' हे वाक्य हमखास फिरू लागतं. मला ते पटत नाही. शिव्या घालायच्या असतील तर निदान पूर्ण वाचून घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी १९४४ साली मुंबईत हे पथक काढलं. तिघेही कम्युनिस्ट. पोवाडा, लावणी, छक्कड (लावणीचाच एक प्रकार), वग असा सगळा ऐवज घेऊन पथक आधी गिरणगावात आणि मग महाराष्ट्रभर फिरलं.

त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, यात वाद नाही. पण आत काय ठेवलं? गणातून, म्हणजे सुरुवातीच्या वंदनातून, गणपती गेला, त्या जागी मायभूमी आणि शिवराय आले. गौळण, म्हणजे कृष्ण-गवळणींचा प्रसंग, तर उडवूनच टाकली. म्हणजे मावशी गेली, पेंद्या गेला, मथुरेच्या वाटेवरची ती चावट अडवाअडवी गेली. उरला वग, म्हणजे कथानाट्य. त्यातही शेटजी, सावकार आणि पुढारी यांचं काय होणार हे पडदा नसलेल्या रंगमंचावर पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. 'शेटजींचे इलेक्शन' हे नाव ऐकून शेटजी शेवटी सज्जन निघतील असं कुणाला वाटलं असेल का?

आणि तो स्टालिनग्राडचा पोवाडा. पथकाच्याही आधीचा आहे, मान्य. पण परळच्या चाळीत बसलेल्या माणसाला व्होल्गाकाठच्या शहराचं काय? पक्षाला हवं होतं म्हणून डफावर थाप पडली. गाणाऱ्यांचा गळा अस्सल होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाणं मात्र वरून आलेलं होतं.

साचेवाल्याचा नातू

माझे आजोबा खटाव तालुक्यातून आले आणि तीस वर्षं लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. स्टालिनग्राड कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं हे खरं. पण साहेब, पानिपत तरी त्यांनी कुठे पाहिलं होतं?

पोवाडा म्हणजे न पाहिलेल्या लढाईचं वर्णन. कोंढाणा पाहून कुणी तानाजीचा पोवाडा ऐकत नाही. वेढा पडलाय, खायला नाही, शत्रू वेशीवर आहे आणि माणसं हटत नाहीत, एवढं कळलं की गाव कुठलं याला महत्त्व उरत नाही.

आजोबा सांगायचे ते वेगळंच. साचेखात्यातल्या माणसांचे कान बसलेले असत. दिवसभर तो खडखडाट ऐकून बाहेर आलं की शेजारच्याने बोललेलंही नीट कळायचं नाही. गाणं म्हटलं की ही माणसं मागे बसून नुसती मान हलवायची. अमर शेखांचा आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत शब्दासकट पोहोचायचा. आजोबांच्या भाषेत, "भोंग्यानंतर तेवढाच एक आवाज सरळ कानात शिरायचा." तुम्ही शीर्षकात भोंगा टोमणा म्हणून वापरलात. आमच्याकडे ती दाद होती.

वाळवेकर

धागाकर्त्यांच्या लिखाणात एक गृहीतक दडलंय : पक्षाची शहरी मंडळी आली आणि त्यांनी गावाकडचा तमाशा उचलला. जरा वाटेगावला या. अण्णाभाऊंचे भाऊबंद बापू साठे यांचा तमाशाचा फड होता आणि अण्णाभाऊ त्यात काम करत होते. मातंग घरातला मुलगा, ढोलकी-हलगी कानावर घेऊन वाढलेला. तो पुढे कम्युनिस्ट झाला. आता त्याने तमाशा 'वापरला' असं म्हणायचं म्हणजे सुताराच्या पोराने बापाची पटाशी चोरली म्हणण्यासारखं आहे.

आमच्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. जन्माने कुलकर्णी. त्यांनी मुंबईवर लावणी केली, त्या नगरीचा थाटमाट, बाजार, रोषणाई सगळं तब्येतीत रंगवलं. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली आणि तिच्यात मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले. वर चैन करणारे आणि खाली घाम गाळून मिळेल ते खाणारे. घाट लावणीचाच. मुंबईही तीच. फक्त एकाने ती डोळे भरून पाहिली आणि दुसरा तिच्या पोटात राहून आला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. सवालाला जवाब देणं ही तमाशाची मूळ रीत. एका वाळवेकराने टाकलेल्या सवालाला दुसऱ्याने जवाब दिला. याच्यापेक्षा परंपरेत आणखी काय असतं?

मधली आळी

काही म्हणा, 'जय जय महाराष्ट्र माझा' ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. ही देणगी कलापथकाचीच ना!

वाळवेकर

नाही हो. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. २०२३ पासून राज्यगीत. साबळे पसरणीचे, वाईजवळचे, आणि कलापथकाशी त्यांचा संबंध नाही. सगळे शाहीर एकाच पोत्यात भरू नका.

चिकित्सक

वाळवेकर, सुताराच्या पोराचा मुद्दा घेतला. अण्णाभाऊंपुरता मी मागे हटतो. पण पथक म्हणजे एकटे अण्णाभाऊ नव्हेत, आणि माझा खरा प्रश्न वेगळा आहे. फडांना काय मिळालं?

मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. अण्णाभाऊंनी 'लोकनाट्य' हे नाव पुढे केलं आणि खेळ चालू ठेवला. हुशारी आहे, हसूही येतं. तमाशाला बंदी ना? मग हा तमाशा नाहीच! पण पुढे काय झालं बघा. लोकनाट्य हा शब्द शहाण्यासुरत्या लोकांना आवडला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तो घाट उचलला. १९५१ मध्ये पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे' आलं, वसंत बापट, निळू फुले, राम नगरकर अशी मंडळी आली. सगळं उत्तमच. मी स्वतः निळूभाऊंचा भक्त आहे. पण ज्या बाया-माणसांच्या पोटावर बंदीने पाय दिला ती कनातीतच राहिली. नाव बदललं आणि कला सभागृहात गेली. कलावंत बाहेर.

'माझी मैना' मात्र मी या हिशेबात धरत नाही. ती छक्कड थोरच.

साचेवाल्याचा नातू

वा! म्हणजे तुम्हाला आवडलं ते लोककला आणि नाही आवडलं ते प्रचार. सोयीचं आहे.

'माझी मैना' तर सगळ्यात उघड प्रचार आहे. बायकोला गावी सोडून मुंबईला आलेला माणूस सुरुवातीला तिची आठवण काढतो. ती कशी दिसते, निघताना काय झालं, दागिन्यांच्या थापा कशा मारल्या. इथवर कुठलाही फडकरी गाईल. मग मुंबई येते, खिसा रिकामा राहतो, आणि बघता बघता तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येऊन उभा राहतो. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अजून बाहेर आहेत, ही मैनेपासूनची ताटातूट होऊन जाते. एका प्रांताची मागणी नवरा-बायकोच्या विरहात कालवली. पक्षाच्या ठरावातून हे येत नाही हे खरं, पण ठराव काढून टाकला तर अर्धी छक्कड पडते हेही खरं.

गोदाकाठ

धागाकर्ते 'पक्षाने सांगितलं म्हणून' हे वाक्य असं वापरतात की जणू १९४४ पूर्वीचे शाहीर वाऱ्यावर गात होते. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून केला आणि महाराजांकडून घोडा व सोन्याचा तोडा घेतला. तसं त्या पोवाड्यातच म्हटलंय. प्रभाकराने पेशव्यांचं वैभव गायलं. तेव्हा त्याला आश्रय म्हणायचं आणि गिरणी कामगारांनी चार-चार आणे काढून शाहिराला बोलावलं की प्रचार?

तमाशाच्या साच्यात नवा विचार ओतणं हेही कलापथकाने सुरू केलं नाही. सत्यशोधकांचे, म्हणजे महात्मा फुल्यांच्या अनुयायांचे, जलसे (तमाशाच्या घाटाचे प्रबोधनाचे खेळ) त्याआधीच गावोगाव फिरले होते. आमच्या नाशिककडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा होता. गण-गौळणीला हात घालायचं धाडस या लोकांनी आधी केलं आणि त्यासाठी दगडही खाल्ले. लाल बावट्याचं कौतुक करताना ही मधली पायरी सगळेच खातात. कलापथकाचे समर्थकसुद्धा. अण्णाभाऊंनी पुढे बाबासाहेबांवर जे लिहिलं ते लोकांना तोंडपाठ आहे, पण त्यांच्या शाहिरीच्या मागे जलसा उभा होता हे कुणी म्हणत नाही. माझं भांडण धागाकर्त्यांपेक्षा भक्तांशी जास्त आहे.

फडांच्या प्रश्नावर मात्र मी चिकित्सक यांच्या बाजूने. ते उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

वाळवेकर

उत्तर मीही देणार नाही, कारण ते खरंच लाजिरवाणं आहे. पण बंदी कुणी आणली आणि त्या बंदीत कोण सापडलं हे विसरू नका. कलापथकावरही सरकारी वरवंटा फिरला होता. बुडत्याला 'तू शेजाऱ्याला का नाही वाचवलंस' असं विचारायचं? आणि प्रतिष्ठेचं म्हणाल तर अण्णाभाऊ चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. सभागृहात गेलेल्या लोकनाट्याचं भाडं काही त्यांना मिळालं नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्यात दोघं.

सुरत्या

मी तुणतुणं वाजवतो. घरात तिसरी पिढी. सगळा धागा वाचला. सगळ्यांनी शब्दांवर वाद घातला. शब्द कुणाचे, विचार कुणाचा, पैसा कुणाचा. पोवाडा एकट्याने होत नाही एवढं कुणाच्याच लक्षात आलं नाही?

शाहीर पुढे उभा राहतो, हातात डफ. त्याच्या मागे तुणतुण्यावाला, झांजवाला. झीलकरी म्हणतात त्यांना. चौक संपला की 'जी जी' धरायची ती त्यांनी. शाहिराला श्वास घ्यायला तेवढीच जागा. ती नसेल तर कितीही मोठा गळा असो, दहाव्या मिनिटाला बसतो. अमर शेखांचा आवाज शेवटच्या रांगेत पोहोचायचा म्हणता, तर त्या आवाजाला दम कोण देत होतं?

तुम्ही सगळे 'तिघांनी काढलं' यावर एकमत आहात. तीन नावं पाठ. पथक म्हणता आणि तिघांची चरित्रं सांगता. मागच्या रांगेचं एक नाव या धाग्यात नाही, धागाकर्त्यांकडे नाही आणि भक्तांकडेही नाही. फडाचं काय झालं विचारता, मग लाल बावट्याच्या झीलकऱ्यांचं काय झालं तेही विचारा ना.

माझे मामा संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या पथकात होते. कुठल्या पक्षाचं होतं ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडायचं. कार्यक्रमाआधी रद्दीचा कागद पेटवून त्यावर डफ फिरवत राहायचं काम त्यांचं. जास्त जवळ नेला तर कातडं करपतं, लांब धरला तर थाप 'भद्द' येते. मधेमधे बोटाने टिचकी मारून बघायची. टणक आवाज आला की पळत जाऊन शाहिराच्या हातात द्यायचा आणि आपण तुणतुणं घेऊन मागे.

चिकित्सक

सुरत्या, हा मुद्दा मलाच सुचायला हवा होता. धागा मीच काढला आणि मीही तिघांवरच थांबलो. बाकीच्यांशी माझं भांडण अजून बाकी आहे, गौळण काढून चूक केली हे मी सोडणार नाही. पण आधी एक विचारतो : मामा झील केव्हा उचलायची हे कसं ठरवायचे? शाहीर खूण करायचा का?

सुरत्या

खूण कसली. शाहिराच्या पाठीकडे बघायचे. खांदे वर आले की त्याचा दम संपत आलाय. मग ओळ पुरी व्हायची वाट बघायची नाही, शेवटच्या अक्षरावरच 'जी' चढवायची. ऐकणाऱ्याला वाटायचं चाल तशीच आहे.