तपासलेल्या १०० पैकी ८ पॉझिटिव्ह, मग लोकसंख्येत ८ टक्के म्हणायचं का?

मुक्ता_प:
नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे, प्रबंध क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाच्या प्रमाणावर करतेय. एका तपासणी केंद्राच्या दोन वर्षांच्या नोंदी मिळाल्या: नावं काढलेली, फक्त वय, लिंग, तारीख आणि निकाल. दोन्ही वर्षं धरून दर शंभरामागे ८ पॉझिटिव्ह. दुसऱ्या वर्षी पॉझिटिव्ह जवळपास दीडपट झाले. मी लिहिलं, "तरुणांमध्ये क्लॅमिडियाचं प्रमाण ८ टक्के असून ते वाढत आहे." मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आणि दोनच शब्द लिहिले: "कोणत्या तरुणांमध्ये?" तीन दिवस तिथेच अडकलेय. या नोंदी निरुपयोगी आहेत का?

अनिकेत०७:
निरुपयोगी नाहीत, पण केंद्रात कोण येतं ते बघा. ज्याला जळजळ होतेय तो, किंवा ज्याच्या जोडीदाराला लागण निघाली तो. दीडपट वाढीचं म्हणाल तर आधी तपासण्या किती वाढल्या ते मोजा. २०२० मध्ये कोविडमुळे अनेक देशांत तपासण्या थंडावल्या आणि नोंदलेले रुग्ण घटले. त्यावरून आजार ओसरला असं म्हणता येत नाही.

सुनंदा_लॅब:
मुक्ता, बाईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत नमुने तपासले. माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक नळी कुणीतरी ठरवून पाठवलेली असायची. जी आलीच नाही ती मला दिसणार कशी? आणि क्लॅमिडियात न येणारेच जास्त, कारण बहुतेक बायकांना काही त्रासच होत नाही, पुरुषांतही बऱ्याच जणांना नाही.

म्हणून खरं प्रमाण हवं असेल तर जे स्वतःहून येत नाहीत त्यांच्यापर्यंत जावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१२ दरम्यान नॅटसाल या लैंगिक आरोग्याच्या राष्ट्रीय पाहणीच्या तिसऱ्या फेरीत घरं यादृच्छिक पद्धतीने निवडून मुलाखती घेतल्या आणि काही जणांची लघवी तपासली. लैंगिक संबंध आलेल्या १६ ते २४ वयाच्या मुलींत क्लॅमिडिया ३.१ टक्के, मुलांत २.३ टक्के निघाला. भारतात एचआयव्हीच्या बाबतीत असंच झालं. गर्भवतींच्या आणि जोखीमगटांच्या केंद्रांवरून काढलेला अंदाज ५० लाखांच्या वर होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी लाखभर लोकांचं रक्त तपासलं, आणि २००७ मध्ये अंदाज २५ लाखांच्या आसपास आला. त्या काळात आजार निम्मा झाला नव्हता, मोजण्याची जागा बदलली होती.

आता चाचणीकडे ये, कारण इथे हुशार माणसंही फसतात. समज, २००० लोक तपासले आणि खरी लागण २० जणांना, म्हणजे १ टक्का. चाचणी लागण असलेल्या शंभरातल्या ९५ जणांना पकडते (ही तिची संवेदनशीलता, ०.९५) आणि निरोगी शंभरातल्या ९९ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते (ही विशिष्टता, ०.९९). ऐकायला उत्तम. पण २० पैकी १९ सापडतील आणि १९८० निरोगींपैकी जवळपास २० जण उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण ३९, म्हणजे तुझ्या तक्त्यात जवळपास २ टक्के, खऱ्याच्या दुप्पट! आजार जितका विरळ, तितकी ही चूक मोठी. दुरुस्ती सोपी आहे, आकडे टक्क्यांऐवजी दशांशात घे: दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळव, १ वजा कर, आणि संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १ ने भाग. आकडे घालून बघ, १ टक्का परत हाती येतो.

उपदंशात आणखी एक खाच आहे. टीपीएचए ही रक्तचाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुतेकांत ती आयुष्यभर तशीच राहते. तेवढ्यावर मोजलंस तर आज आजारी किती हे कळणार नाही, आजवर कधीतरी लागण झालेले किती हे कळेल. आरपीआर या दुसऱ्या रक्तचाचणीची पातळी उपचाराने उतरते, म्हणून दोन्ही जोडीने वाचायच्या.

मुक्ता_प:
सुनंदाताई, गणित करून पाहिलं, बरोबर १ आला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा ३७.४ कोटींचा आकडा मी "इतके लोक बाधित" असा लिहिला होता. तोही खोडायचा का?

सुनंदा_लॅब:
खोड. तो १५ ते ४९ वयात वर्षभरात झालेल्या नव्या लागणींचा अंदाज आहे, क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनास मिळून. एकाच माणसाला वर्षात दोनदा लागण झाली तर ती दोनदा मोजली जाते. एका दिवशी असलेली लागण ही ढोबळमानाने नव्या लागणींचा दर गुणिले लागण टिकण्याचा काळ. उपचार लवकर मिळाले तर नव्या लागणी तेवढ्याच राहूनही असलेली लागण कमी दिसते.

विक्रम_सर्वेक्षक:
घरोघरच्या पाहणीबद्दल एक सांगतो, मी तशा कामावर होतो. पत्ता यादृच्छिक निवडला तरी दार उघडणारा माणूस यादृच्छिक नसतो. रात्रपाळीवाले भेटत नाहीत, आणि ज्यांना निकालाची भीती असते ते बाटली रिकामीच परत देतात. एका मुलीने सासूसमोर "नको" म्हटलं आणि जिन्यात गाठून नमुना दिला. म्हणून नकार कोणी, किती दिले हेही मोजायचं आणि अहवालात छापायचं. खर्चाचा प्रश्न असेल तर नमुने एकत्र करून तपासता येतात. रॉबर्ट डॉर्फमनने ही युक्ती १९४३ मध्ये अमेरिकी सैन्यभरतीतल्या उपदंश तपासणीसाठी मांडली: बऱ्याच जणांचं रक्त एकत्र तपासा, निगेटिव्ह आलं तर सगळे सुटले, नाहीतर एकेकाचं तपासा.

सुनंदा_लॅब:
विक्रम, जिन्यातली ती गोष्ट फार मोलाची आहे. मुक्ता, एक काम कर. त्या दोन वर्षांत केंद्रात किट बदललं का, नमुना घेण्याची रीत बदलली का, हे विचार. आमच्याकडे नवी चाचणी आली तेव्हा एका महिन्यात पॉझिटिव्ह वाढले होते, बाहेर काहीच बदललं नव्हतं.

मुक्ता_प:
आज फोन करून विचारलं. किट तेच आहे. पण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून मुलींनी स्वॅब स्वतः घ्यायची सोय झाली, त्यामुळे तपासण्या दुप्पट झाल्या. दर शंभरामागे काढलं तर पहिल्या वर्षी ९ च्या वर, दुसऱ्या वर्षी ७ च्या थोडं वर. म्हणजे मी "वाढत आहे" लिहिलं तिथे दर उतरला होता, आणि तोही बहुधा त्रास नसलेल्या मुली येऊ लागल्यामुळे. वाक्य आता असं केलंय: "या केंद्रात स्वतःहून तपासणीला आलेल्यांपैकी." बाईंना उद्या दाखवते.