झोपेत श्वास अडकतो का, हे आठ प्रश्नांच्या कागदावरून कळतं का?

लोकमान्यनगरची_लेक: आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा नर्सने स्टॉप-बँगचा कागद भरून घेतला, झोपेत श्वास अडकायचा धोका किती ते बघायला, प्रत्येक ‘हो’ला एक मार्क. घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की बाई. आई 56 ची, बारीक, बीपी नाही, बाबा गेल्यापासून घरात एकटी, मग घोरणं ऐकणार कोण? वयाचा एक आणि थकव्याचा एक, झाले दोन, आणि वर लिहिलं ‘कमी धोका’. त्याच आठवड्यात ती माझ्याकडे झोपायला आली आणि रात्री दोनला मी ताडकन उठून बसले, घोरणं मधेच बंद, श्वासच नाही, मग एकदम आचका. सकाळी तोच कागद परत भरला तर चार! नंतर स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी केली, तासाला 27 वेळा श्वास अडकत नाहीतर उथळ होत होता. कशाला ठेवायचा असल्या कागदावर भरवसा?

रामबाग_ओटीवाला: ताई, आईंचं वाचून काळजी वाटली, पण कागदाला दोष देऊ नका. मी 19 वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, टेक्निशियन आहे. हे प्रश्न टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी 2008 मध्ये मांडले ते ऑपरेशनच्या आधी धोक्याचा पेशंट हुडकायला, निदान करायला नाहीच. ही चाळणी आहे हो. फुकट, दोन मिनिटांत होते, आणि प्रत्येकाला रात्रभर तारा लावून झोपवायचं म्हटलं तर इंदूरला तेवढे बेड तरी कुठून आणायचे?

एबी_रोडचा_मेव्हणा: चाळणीची भोकं तरी बघा ना काका. पुरुष, पन्नाशी ओलांडलेला, बीपीची गोळी चालू, एवढ्यावरच तीन मार्क आणि ‘मध्यम धोका’. म्हणजे आमच्या गल्लीतले निम्मे काका! उलट बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, मार्क 35 च्या वर गेल्याशिवाय नाही, आपल्याकडे पोट सुटलेला माणूस सुद्धा 28-29 वरच असतो आणि त्रास त्याला तेवढ्यातच सुरू होतो. आणि दुसरा तो एपवर्थचा कागद, आठ प्रसंगी डुलकी लागते का, 24 पैकी 10 च्या वर गेलं की गडबड. आमचे जिजाजी ट्रक चालवतात, त्यांनी 4 लिहिले. झोप येते लिहिलं तर गाडी हातातून जाईल ही भीती, खरं कोण लिहील?

रामबाग_ओटीवाला: जिजाजींचं पटलं. बीएमआयचंही, आशियाई लोकांसाठी आकडा खाली आणावा असं खूप डॉक्टर म्हणतात. पण कागद काढून टाकला तर आधीसारखं कुणी विचारणारच नाही, ते जास्त वाईट.

लोकमान्यनगरची_लेक: काढा म्हणतच नाहीये मी काका. ‘श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का’ याला एकटं राहणारं माणूस ‘नाही’ म्हणतं आणि तुम्ही त्याचा शून्य धरता. ते ‘माहीत नाही’ आहे, शून्य नाही! तिथे तिसरा चौकोन छापा. आणि बायका घोरतो म्हणायला लाजतात, थकवा घरकामावर ढकलतात, त्यांच्या नावापुढे ‘कमी धोका’ लिहायच्या आधी निदान एक फोन मुलीला लावा.

रामबाग_ओटीवाला: फोनचं उद्यापासून सुरू करतो. चौकोनाचं आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना विचारतो, पण मार्क किती धरायचा ते सांगा, अर्धा?