घटना क्षितिज ओलांडताना नेमकं काय घडतं? मदत हवी आहे

नमस्कार. सापेक्षतावाद शिकलेल्यांनी कृपया मदत करावी.

घटना क्षितिज म्हणजे कृष्णविवराभोवतीची अशी सीमा, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. कृष्णविवरात पडणाऱ्याची बाजू मला पटते. कृष्णविवराभोवतीच्या अवकाशकालाचं वर्णन करणाऱ्या श्वार्झशिल्डच्या १९१६ च्या सूत्रात क्षितिजापाशी अनंत येतं, पण तो दोष निर्देशकांचा (जागा आणि वेळ मोजायला निवडलेल्या आकड्यांचा). १९५८ मध्ये फिंकेलस्टाइनने दुसरे निर्देशक वापरून दाखवलं की तिथे अवकाशकाल सुरळीतच आहे. क्षितिजापाशी शरीरावर येणारा ताण वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यामुळे आकाशगंगेच्या केंद्रातल्या, सुमारे ४० लाख सूर्यांइतक्या कृष्णविवराचं क्षितिज माणूस धडधाकट ओलांडेल. मग केंद्रापर्यंत जास्तीत जास्त मिनिटभर. आत रॉकेट कसंही चालवलं तरी ही मर्यादा वाढत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं!

अडतंय ते बाहेरच्या निरीक्षकापाशी. त्याला पडणारा मंदावत, लाल होत दिसेनासा होतो. ओलांडताना कधीच दिसत नाही. पण हॉकिंगच्या १९७४ च्या निष्कर्षानुसार कृष्णविवराचं बाष्पीभवन (प्रारण सोडत हळूहळू वस्तुमान गमावणं) मर्यादित काळात संपतं. मग ओलांडण्याआधीच कृष्णविवर संपलं, असं का म्हणता येत नाही? ‘दिसत नाही’ आणि ‘घडत नाही’ यांतला फरक कोणी पेनरोझ आकृतीवर (संपूर्ण अवकाशकाल एका मर्यादित चित्रात दाखवणाऱ्या आकृतीवर) समजावेल का?

शिवाय, २०१२ मध्ये मांडलेली अग्निभिंतीची (क्षितिजापाशीच पडणाऱ्याला जाळून टाकणाऱ्या प्रचंड ऊर्जेच्या थराची) कल्पना खरी असेल, तर सुरळीत क्षितिजाचा युक्तिवाद कोणत्या पायरीवर तुटतो? पुंज गुंतागुंतीपासून (दूर असलेल्या कणांच्या अवस्था एकमेकींशी जोडलेल्या असण्यापासून) तिथवरचा प्रवास सविस्तर हवा आहे. गणित आलं तरी चालेल.