कॉकटेलची पिसं गळतायत की तोच उपटतोय?

मंडळी, मदत हवी आहे. नाशिकला आमच्याकडे दीड वर्षाचा लुटिनो (म्हणजे पिवळट-पांढऱ्या रंगाचा) कॉकटेल जातीचा तुरेवाला पोपट आहे, नाव बुवा. (आपला हिरवा पोपट नव्हे. तो पाळायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो वाद इथे नको.)

पितृपक्षात पिसं गळायला लागली तेव्हा काही वाटलं नाही. पंखातलं एक मोठं पीस डावीकडून गेलं, दोन दिवसांनी तसंच उजवीकडून. डोक्यावर पांढरे काटे (न उघडलेली नवी पिसं) उगवले, ते खाजवून घ्यायला बुवा माझ्या बोटाखाली मान घालायचा. तुऱ्यामागचं टक्कल जन्मापासूनचं आहे, बऱ्याच लुटिनोंना असतं, त्याबद्दल विचारत नाहीये.

पण दिवाळीनंतर छाती उघडी पडायला लागली. आता दहाच्या नाण्याहून मोठा डाग आहे. आई म्हणते दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. दुकानदाराने किड्यांचा स्प्रे दिलाय, अजून मारलेला नाही. डॉक्टर म्हणाले थंडीने होतं. नाशिकची थंडी कबूल, पण थंडीत अंगावरचे कपडे कोण काढतं?

पक्ष्यांचं नीट बघणारे डॉक्टर इथे कुणाला माहीत आहेत का?

प्रतिसाद
डोक्यावरची पिसं शाबूत आहेत ना? स्वतःच्या डोक्यावर चोच पोचत नाही, म्हणून उपटणाऱ्या पक्ष्याचं डोकं छान राहतं आणि छाती जाते. डोक्यावरचे काटे म्हणजे नेहमीची पिसगळ, छातीचं प्रकरण वेगळं. पडलेली पिसं उचलून बघा, कुरतडलेली आहेत का. स्प्रे नकोच. खायला काय देता? झोपतो किती? दिवाळीनंतर घरात काय बदललं?

धागाकर्ता
डोकं शाबूत. पिसं कुरतडलेली आहेत, आत्ताच बघितली. बदललंय एवढंच, की सातपूरला माझी सेकंड शिफ्ट लागली. रात्री साडेबाराला येऊन दिवा लावतो, मी जेवतो तेव्हा हा खांद्यावर. पाचला आईचा स्वयंपाक सुरू. खातो राळं आणि सूर्यफुलाच्या बिया, बाकी शिवत नाही.

प्रतिसाद
म्हणजे झोप चार तास! त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. नुसत्या बियांवर अ जीवनसत्त्वही मिळत नाही. बिया एकदम तोडू नका, सकाळी भुकेला असताना आधी शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर ठेवा. नव्या काट्यात रक्त असतं, तो मोडून रक्त थांबेना तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही तपासून घ्याच, कारण खाज आजाराचीही असू शकते, आणि उपटायची सवय जडली की कारण गेलं तरी ती जात नाही.

धागाकर्ता
पिंजरा आजपासून मागच्या खोलीत, सातला दिवा बंद. शिफ्टला निघेपर्यंत दुपारी मी त्याच्याजवळ. गाजर ठेवलं होतं, उधळून दिलं. डॉक्टरांचा पत्ता अजून हवाच आहे.