हॅस्कॅपचं एकच झाड लावलं तर फळ धरतं का?

वृंदा, कॅलगरी:
नमस्कार मंडळी. दोन ब्लूबेरी घालवून बसलेय. पहिल्या वर्षी पानं पिवळी, दुसऱ्या वर्षी नुसत्या काड्या. आता नर्सरीतून हॅस्कॅपचं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तगणाऱ्या, निळी फळं येणाऱ्या झुडपाचं रोप आणलंय, ‘बोरियालिस’ जातीचं. कुंपणालगत एकाच झाडापुरती जागा आहे. एकट्याला फळ येईल, की परत काड्याच पोसायच्या?

मधूकाका, सास्काटून:
वृंदाताई, एकट्याच्या भरवशावर राहू नका. आमचं बोरियालिस तीन वर्षं एकटं होतं. फुलायचं भरभरून, फळं ओंजळभरसुद्धा नाहीत. शेजारी ‘ऑरोरा’ जातीचं लावलं तेव्हा कुठे पातेलं भरायला लागलं. दुसरं बोरियालिस आणून उपयोग नाही. जात वेगळी हवी आणि फुलायची वेळ जुळणारी. ‘बोरियल ब्यूटी’ उशिरा फुलते, ती नको.

ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते आणि आपल्या इथली, कॅनडातली चुनखडीची, तुमचा काही दोष नाही. हॅस्कॅपचे एवढे नखरे नाहीत. बोरियालिस आमच्याच सास्काचेवान विद्यापीठाने २००७ मध्ये आणली. उणे ४० ला झाड ढिम्म, उमललेली फुलंही उणे ७ सोसतात.

फसवणूक रंगात आहे. फळ लांबोडकं, वर जांभळासारखा निळा रंग आणि त्यावर राखेसारखा थर. निळं दिसलं म्हणजे पिकलं नव्हे! पहिल्या वर्षी आमच्या हिने सगळी उतरवून मुरांबा घातला. साखर दुप्पट केली तरी दात आंबले. एक फळ फोडून बघा, आत हिरवट असेल तर थांबा.

जाळी मात्र रंग चढायच्या आधीच टाका. वॅक्सविंग नावाचे तुरेवाले, डोळ्यावर काळी पट्टी असलेले पक्षी येतात. दिसायला राजबिंडे, पण थव्याने उतरले की आपण चहा पिईपर्यंत झाड साफ. आणि जुलैअखेर पानं करपली तर पाणी ओतत सुटू नका, या झाडाचं ते नेहमीचंच.

समीर, नाशिक:
काका, आमच्याकडे येईल का हो?

मधूकाका, सास्काटून:
नाही रे बाबा. त्याला हिवाळाभर गाढ झोप हवी असते, नाशिकची थंडी म्हणजे नुसती डुलकी. करवंद लाव. मला इथे ते मिळत नाही.

वृंदा, कॅलगरी:
ऑरोरा मिळालं! जागेसाठी टोमॅटोचा वाफा मोडला. तो नवऱ्याचा होता, त्याला अजून सांगितलेलं नाही.