मकालूजवळच्या त्या ठशांचे पुढे काय झाले?

रानवाटा: एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने नेपाळमधील मकालू शिखराच्या तळाजवळ आढळलेले ३२ बाय १५ इंचांचे ठसे यतीचे (हिममानवाचे) असल्याचे ट्विटरवर छायाचित्रांसह जाहीर केले होते. अशा दाव्यांपैकी एखादा तरी तपासणीत टिकला आहे का?

हिमरेषा: माझ्या माहितीप्रमाणे नाही. नेपाळमधील खुमजुंग गावच्या मठातील प्रसिद्ध 'यतीच्या डोक्याची केसाळ कातडी' गिर्यारोहक एडमंड हिलरी यांनी १९६० च्या मोहिमेत तपासणीसाठी परदेशी नेली, तेव्हा ती सेराव या शेळीसारख्या रानटी प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेली असल्याचे निष्पन्न झाले; मात्र मठाच्या दृष्टीने ती पूजेतील वस्तू असल्यामुळे तिला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए तपासला गेला, त्यांपैकी आठ अस्वलांचे आणि एक चक्क कुत्र्याचा निघाला.

रानवाटा: आभारी आहे. पण ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडीशेजारी टिपलेला ठसा तर स्पष्ट दिसतो.

सांजपक्षी: ठसा खरा असला तरी तो उमटला तेव्हा तेवढाच होता, असे मानता येत नाही, कारण उन्हाने बर्फ वितळू लागला की कडा पसरतात, आणि चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अंशतः पडला की दोन्ही मिळून एकच लांबलचक पाऊल भासते. लष्कराच्या छायाचित्रांत ठसे एकामागोमाग एका रेषेत दिसतात, त्यामुळे मला तरी तेथे अस्वलाचीच शंका येते.