स्टेन्सिलच्या कडेने रंग पसरतो त्याबद्दल

हाताने पानगळीचं कार्ड बनवताना स्टेन्सिलखाली (म्हणजे नक्षी कापलेल्या पातळ साच्याखाली) रंग शिरतो आणि कडा पसरतात, त्याला काय करायचं, असा प्रश्न एकाने विचारलाय. बहुतेक वेळा स्पंजवर रंग जास्त असतो, दुसरं काही नाही. ॲक्रिलिक रंगात पाणी घालू नका. स्पंज रंगात बुडवला की आधी रद्दी कागदावर टिपा, जवळजवळ कोरडा वाटला की मगच स्टेन्सिलवर उभा टपटप मारा. घासायचं नाही. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात कधीही बरे.

कार्डावर शाईने ठसा उमटवून त्यावरून जलरंग फिरवायचा सल्लाही कुणीतरी दिलाय. चांगला आहे, पण शाई वॉटरप्रूफ हवी, आणि पूर्ण वाळलेली. टेक्स्चर पेस्ट (कागदावर उंचवटे आणणारा जाड लेप) वापरणार असाल तर ठसे आधी उमटवा. खडबडीत पेस्टवर ठसा अर्धाच उठतो.

तसं पानगळीसाठी विकतचा ठसा हवाच कशाला? ताजं पान घ्या (वाळलेलं चुरतं), मागच्या, शिरा उठून दिसणाऱ्या बाजूला पातळ रंग लावा, कागदावर पालथं घाला, वर दुसरा कागद ठेवून मधल्या शिरेपासून कडेकडे बोटाने दाबत जा. पहिल्यापेक्षा दुसरा छाप सहसा जास्त देखणा येतो, कारण जादा रंग तोवर निघून गेलेला असतो.

आणि हो, स्टेन्सिल लगेच धुवा. वाळलेलं ॲक्रिलिक बारीक नक्षीतून निघता निघत नाही.